यादीतलं शेवटचं नाव

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

हातातलं काम खाली ठेव. गॅसवर काही असेल तर बंद कर. बसलीस? आता वाच.

आमचे विज्ञानाचे सर मेअखेर निवृत्त होतायत! आज मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा सगळे 'अरेरे, आता कसं व्हायचं' करत होते आणि मी एकटी टेबलाखाली पाय नाचवत होते. माझ्या डोळ्यांपुढे तू होतीस. आठवी ते दहावीचं विज्ञान, कायम जागा, जाहिरात पुढच्या आठवड्यात. आणि वहिनी, प्रयोगशाळा! सहा वर्षं मी या शाळेत गणित शिकवतेय, रोज त्या दारावरून जाते, पण आज मुद्दाम तुझ्या नजरेने पाहायला आत गेले. बारा टेबलं. दर टेबलाला बेसिन. दर बेसिनला नळ. आणि घट्ट धर स्वतःला, दर नळाला पाणी. काचेचं सामान मापाप्रमाणे लावलेलं, दोन खऱ्या तराजूंच्या पेट्या, सूक्ष्मदर्शक आठ. सर स्वभावाने जपणारे, त्यामुळे मुलांनी हात कमी लावलाय एवढाच काय तो दोष.

तुला फोनच करणार होते. पण फोनवर माझं निम्मं बोलणं दादा ऐकतो आणि निम्मं त्याचे दुरुस्तीला आलेले पंखे. तो विचारणार 'काय म्हणतेय?' आणि तू म्हणणार 'काही नाही'. पत्राला असली विघ्नं नाहीत.

अर्ज कर. नाही म्हणालीस तर मी नणंद आहे हे दाखवून देईन.

तुझीच,
वन्सं

१४ जानेवारी

प्रिय वन्सं,

(सात वर्षांनी धाकटी असलीस तरी मान मानाच्या जागी.)

तुझं पत्र मी मधल्या सुट्टीत उघडलं आणि पुढच्या तासाला नववीत जाऊन आठवीचा धडा शिकवला. दहा मिनिटांनी मुलांनीच सांगितलं. नळाला पाणी! तू मुद्दाम लिहिलंस ना ते? तुला माहितीय माझी प्रयोगशाळा कुठे आहे ते. वेताच्या टोपलीत. सहा परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा, भिंग, काड्यापेटी आणि एक जुना टॉवेल. तेरा वर्षं ही टोपली घेऊन मी जिने चढते-उतरते. खरी प्रयोगशाळा आहे की आमच्याकडे, पण तिच्यात मोडके बाक भरलेत आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. दरवर्षी मी विचारते, दरवर्षी ते खिसा चाचपतात आणि म्हणतात, "पुढल्या वर्षी बघू बाई."

तर मन गेलंच तुझ्या शाळेत. सामानसुद्धा बांधून झालं मनात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

पण मी कायम आहे गं. हा शब्द तुला मी काय समजावून सांगणार. कायम म्हणजे जूनच्या पहिल्या दिवशी आपली खुर्ची आहे की नाही हे बघायला लागत नाही. आमच्याकडे कंत्राटावरची मुलगी आहे, दर एप्रिलला तिचा आवाज बारीक होतो. तिला बघितलं की मला माझी खुर्ची दोन्ही हातांनी धरावीशी वाटते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं माझी आई म्हणायची, आणि आयुष्यभर तिने काही सोडलं नाही, जुनी झाकणंसुद्धा.

तुझ्या दादाला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, दुकान सोडायचं म्हटल्यावर तोंड पाडेल. त्याने मोटारीतली तार गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "पंखे सगळ्या गावांत बंद पडतात." बस्, एवढंच. आता मला अडवायला कोणी उरलं नाही, याचीच जास्त भीती वाटतेय.

अर्ज सोबत पाठवतेय. नुसता अर्ज. अर्ज केला म्हणजे गेलेच असं नाही.

तुझी,
वहिनी

७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

काल तुमच्या शाळेत पाठ घेतला, तीनची गाडी पकडली आणि तुला नीट भेटलेसुद्धा नाही. नात्यातली म्हणून तुला वर्गाजवळ फिरकू दिलं नाही हे मोठ्या बाईंनी उत्तम केलं. तू मागच्या बाकावरून खुणा करत बसली असतीस. आता काय झालं ते ऐक.

जागा तुमची प्रयोगशाळा, विषय हवेचा दाब. वर्ग आठवी. मागे खुर्च्यांवर मोठ्या बाई, समितीचे दोन गृहस्थ आणि निवृत्त होणारे सर. मी पत्र्याच्या डब्यात थोडं पाणी उकळलं, वाफ भरू दिली, दिवा काढला, झाकण लावलं आणि ऐटीत म्हणाले, "आता यावर गार पाणी ओतलं की बघा!" ओतलं. डबा होता तसाच. आणखी ओतलं. डबा ढिम्म! समितीतल्या एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, तेही दिसलं मला.

आमच्याकडे असतं तर मी म्हटलं असतं, 'समजा चेपला'. तेरा वर्षांत किती वेळा 'समजा' म्हटलं असेन देव जाणे. पण इथे अजून अकरा टेबलं रिकामी दिसत होती! मी मुलांना म्हटलं, "माझं चुकलंय. कुठे चुकलंय ते शोधा." आणि वन्सं, बेचाळीस मुलं अशी टेबलांभोवती गोळा झाली की काय सांगू! मागच्या बाकावरची एक मुलगी, जिने तोवर वहीतून डोकं वर काढलं नव्हतं, ती म्हणाली, "बाई, झाकणाच्या कडेने बुडबुडे येतायत. आत हवा शिरतेय." मी तिलाच झाकणाखाली रबर बसवायला लावलं. पुन्हा उकळलं, पुन्हा ओतलं. धाडकन! डबा असा आत गेला की घड्याळ बघणारे गृहस्थ खुर्चीवरून उठलेच. वर्गात आरडाओरडा. घंटा झाली तरी कोणी हलेना.

निवृत्त होणारे सर जाताना मला म्हणाले, "माझ्या वेळी इथे एवढा आवाज कधी झाला नाही." कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही. गाडीत मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने जागा बदलली.

लवकर कळव. मला दुसरं काही सुचत नाहीये.

वहिनी

१३ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी, वहिनी!

निवड झाली! चौदा अर्जांतून! मोठ्या बाई म्हणाल्या, "चुकलं असं वर्गात सांगणारा शिक्षक मला वीस वर्षांनी भेटला." पत्र ऑफिसातून येईलच, पण ऑफिसातल्या ताई सगळं मोत्यासारख्या अक्षरात तीनदा लिहितात, म्हणून मी आधी लिहितेय.

घर बघायला सुरुवात केलीय. माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर एक आहे, खाली दुकानाला गाळा, दादासाठी. मालकाने विचारलं आवाज होईल का, मी म्हटलं अजिबात नाही. ते तू आल्यावर निस्तर.

आठवतंय ना, तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी दहावीत होते आणि गणितात सहामाहीला अकरा मार्क होते. शंभरपैकी. नवी नवरी पाहुण्यांना सोडून माझ्यापुढे पाटी घेऊन बसायची. तेव्हापासून माझ्या मनात आहे की आपण एका शाळेत असावं. तू वरच्या मजल्यावर, मी खाली.

तुझी
(अकरा मार्कांची) वन्सं

१८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नाचून झालं. आता जरा जमिनीवर.

काल मी आमच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांना विचारलं. तीस वर्षं सगळ्यांची सेवापुस्तकं त्यांनी सांभाळलीत. कोण कधी लागलं, कधी रजेवर गेलं, सगळं तोंडपाठ. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, नुसता राजीनामा देऊन गेलात तर तेरा वर्षं पाण्यात. तिकडे पहिल्या दिवशी तुम्ही काल लागलेल्या पोरीसारख्या. दोन वर्षं चाचणीवर, आणि पटलं नाही तर नमस्कार. नवी शाळा तुमची मागची सेवा धरते असं लेखी देत असेल तरच पाऊल उचला. तोंडी कोणी काय म्हणेल त्यावर जाऊ नका."

अडतिसाव्या वर्षी चाचणी! तुझा दादा दुकान मोडून येणार माझ्या भरवशावर. म्हणून मी तुमच्या शाळेला अट घातलीय. मागची तेरा वर्षं धरा, तरच येते. अर्ज यासोबत आहे, तू हातोहात ऑफिसात दे आणि मोठ्या बाईंच्या कानावर घाल. नाही म्हणाल्या तर मी माझ्या टोपलीसह इथेच बरी.

तू बोल ना त्यांच्याशी. तुझ्याशिवाय माझं तिथे कोण आहे?

वहिनी

१४ मार्च

प्रिय वहिनी,

अर्ज दिला. धरतील. लेखी मिळेल. काळजी करू नकोस.

परीक्षेचे पेपर आहेत, फार लिहीत नाही.

वन्सं

१८ मार्च

प्रिय वन्सं,

साडेतीन आठवडे पोस्टमनची वाट बघून चार ओळी मिळाल्या. आमच्या हेडसरांची सूचना याहून मोठी असते.

स्पष्ट विचारू? तुला आता नकोय का मी तिथे? फेब्रुवारीत तू घर बघत होतीस, गाळा बघत होतीस, आणि मी अट घातल्याबरोबर तुझी शाई आटली. मला वाटलं, माझी अट तुला आगाऊपणाची वाटली असेल. किंवा भावजय लांब असते तोवर गोड, दोन गल्ल्यांवर आली की कडू. तसं असेल तर सांगून टाक. मी रडेन दोन दिवस, पण तुझ्यावर डूख धरणार नाही. तुझ्या दादाला मी यातलं काही बोलले नाही. त्याने गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केलीय.

वहिनी

२३ मार्च

वहिनी, वेडी आहेस का?

भावजय कडू म्हणे! तुझ्या जिभेला हाड नाही. मला तू हवी आहेस, दोन गल्ल्याच काय, शेजारच्या खोलीत हवी आहेस. मला फक्त थोडी धावपळ करावी लागली, एवढंच. ऑफिसातली कामं, ह्याची सही, त्याची सही. तुला आमच्या ऑफिसचं पत्र आज पोस्टात पडलं, त्याबरोबर एक यादी असेल, तिच्यावर सही करून परत पाठवायची. यादी फार बघत बसू नकोस, ऑफिसचा कागद आहे, नेहमीचाच. सही कर आणि पाठव.

घराचा मालक होकार देतोय. आवाजाचं मी अजून सांगितलं नाही.

वन्सं

१ एप्रिल

वन्सं,

आज एक एप्रिल आहे म्हणून मी आधी शंभरदा कागद उलटसुलट करून पाहिला. कोणी थट्टा केलेली नाही ना म्हणून.

'फार बघत बसू नकोस' असं तू लिहिलंस तिथेच मी चष्मा पुसला. तेरा वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात मी. ज्या पानावर मूल बोट ठेवतं तेच पान आधी बघायचं असतं.

यादी अशी आहे. गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांचा सेवेप्रमाणे क्रम. पहिले, गणिताचे सर, बावीस वर्षं. दुसरी मी, तेरा वर्षं. तिसऱ्या तुमच्या दुसऱ्या विज्ञानाच्या बाई, नऊ वर्षं. चौथी तू, सहा वर्षं. आणि खाली ताईंच्या मोत्यासारख्या अक्षरात टीप: आठवीची एक तुकडी कमी झाल्यास यादीतील शेवटची व्यक्ती अतिरिक्त ठरेल. मी भाऊसाहेबांना विचारलं अतिरिक्त म्हणजे नक्की काय. ते म्हणाले, शाळेला जास्त झालेला माणूस. दुसरीकडे कुठे जागा निघाली तर पाठवतील, नाही निघाली तर घरी बसा. मग विचारलं, बाहेरून आलेलीला वर घालतात कसं? ते म्हणाले, ज्या खाली सरकतात त्यांनी लेखी 'हरकत नाही' दिली तरच.

आणि तुझ्या नावापुढे लिहिलंय 'हरकत नाही', सही, तारीख पंचवीस फेब्रुवारी! सगळ्यात पहिली सही तुझी! मग उरलेले दिवस तू त्या दुसऱ्या बाईंच्या सहीसाठी त्यांच्या मागे लागलीस, असंच ना? ही तुझी धावपळ! आणि तुकडी कमी होणार हे तुला ठाऊक होतं. ताकाला तूर लागू दिली नाहीस!

मी तेरा वर्षं धरायला लावली नसती तर नवी म्हणून मीच शेवटी असते, आणि तू तिसरी, सुरक्षित. मी माझी खुर्ची धरायची म्हणून ओरडले, आणि ती तू तुझ्या खालून काढून दिलीस. मला राग आलाय, आणि तुझा दादा म्हणतो मी रडतेय. दोन्ही खरं आहे.

सही करणार नाही.

वहिनी

६ एप्रिल

प्रिय वहिनी,

सापडले. आता ओरडून झालं असेल तर ऐक.

तुकडी कमी होईलच असं नाही. पलीकडे नवी शाळा निघालीय, थोडी मुलं तिकडे जातील अशी बोलवा आहे. बोलवाच. मी गणिताची आहे, मला शक्यता मोजता येतात. शिवाय मी एकटी. माझ्यामागे दुकान नाही, गाळा नाही. अतिरिक्त झाले तर कुठेतरी जाईन, पाठीवर पिशवी टाकून. तुला ते जमणार नाही. हिशोब सरळ आहे, आणि तो मी तुला विचारून करणार नव्हते, कारण तू नाहीच म्हणाली असतीस. खरं तर सही करण्याआधी आकडे पुन्हा पुन्हा मांडले. दोन रात्री झोप नव्हती. पण केली ती केली.

पंधरा वर्षांपूर्वी तू काय मला विचारून पाटी घेऊन बसली होतीस? मला अकरा मार्क होते आणि सगळे म्हणत होते हिला शिवणकामाला घाला.

सही कर गं. मी पाया पडते. प्रयोगशाळेकडे जाता-येता मी बघते, आणि मला तू तिथे दिसतेस.

वन्सं

१० एप्रिल

प्रिय वन्सं,

तुझा हिशोब तपासला. दहापैकी शून्य.

मी रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मी छान झोपले आणि सकाळी पाचला उठून एकदम कळलं काय करायचं ते. भाऊसाहेबांकडे गेले. त्यांना म्हटलं, कायम असणं आणि यादीत वर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? ते म्हणाले, आहेत. मग मी असा अर्ज केला तर चालेल का, की माझी तेरा वर्षं कायम राहण्यापुरती धरा, चाचणी नको, पण यादीत मला शेवटी ठेवा? भाऊसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, तीस वर्षांत वर जायला अर्ज पाहिले. भांडणं पाहिली. वर जायला एकाने दुसऱ्याच्या नावावर शाई सांडलेली पाहिली. खाली जायला अर्ज पहिल्यांदा बघतोय." पण नियमात बसतं म्हणाले. मसुदा त्यांनीच लिहून दिला, हसत हसत.

तो अर्ज सोबत आहे. त्यावर तुझी आणि त्या दुसऱ्या बाईंची 'मान्य' म्हणून सही लागेल. कर.

नाही म्हणू नकोस. मला नुसती सुरक्षित खुर्ची हवी असती तर ती इथे आहे, तिच्यावर बसून मी अठ्ठावन्नपर्यंत डुलक्या काढू शकते. मला तो डबा हवाय जो आधी चेपत नाही आणि मग चेपतो. ती मागच्या बाकावरची मुलगी हवीय. पण तुला घरी बसवून मी तिथे नळ सोडू शकणार नाही. माझ्या हातून काचेचं सामान फुटेल.

आणि भीती? वाटतेय. चांगलीच वाटतेय. तुझ्या दादाला सगळं खरं सांगितलं, अतिरिक्तचंसुद्धा. त्याने हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाला, "तिला खाली ढकलून आपण वर गेलो असतो तर मला तिच्या तोंडाकडे बघता आलं नसतं." आणि पुन्हा तार गुंडाळायला लागला.

सही कर. ही विनंती नाही. मोठी भावजय सांगतेय.

वहिनी

१९ एप्रिल

प्रिय वहिनी,

केली. रडत केली, शाई फिसकटली, ताईंनी तिसऱ्यांदा लिहिलेला कागद चौथ्यांदा लिहिला.

आधी मी नाहीच म्हणत होते. मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. दोन्ही अर्ज समोर ठेवले आणि म्हणाल्या, "तुम्हा दोघींपैकी शेवटी कोणी बसायचं यावर नणंद-भावजय भांडताय, हे मी समितीला कसं सांगू? एक काहीतरी ठरवा आणि मला माझं काम करू द्या." मग म्हणाल्या, "तिला येऊ द्या तिच्या अटीवर. तिची अट तुमच्या अटीपेक्षा चांगली आहे."

तुझं नाव चौथं. माझं तिसरं. मला अजिबात चैन पडत नाहीये, आणि तरी आज मी आठवीला नफा-तोटा शिकवताना दोनदा हसले.

वन्सं

२९ एप्रिल

प्रिय वन्सं,

राजीनामा दिला! ३१ मेपासून लागू!

हेडसरांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मला बसायला सांगितलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "बाई, कायम नोकरी कोणी सोडतं का? काय कमी आहे इथे?" मी म्हटलं, "सर, पाणी." त्यांना कळलं नाही. मग त्यांनी खिसा चाचपला आणि म्हणाले, "प्रयोगशाळेचं म्हणत असाल तर पुढल्या वर्षी..." मी हात जोडले आणि बाहेर आले. जिन्यात मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

कंत्राटावरच्या मुलीला कळलं, माझी जागा रिकामी होतेय. तिने मला गच्च मिठी मारली आणि लगेच सॉरी म्हणाली. टोपली मी तिला दिली. तिने त्यातलं भिंग काढून खिडकीतून बाहेर पाहिलं.

दुकानाची पाटी उतरली. भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन उरलाय. बुधवार, १ जून, पहिली गाडी.

वहिनी

२३ मे

वहिनी,

हे पत्र मिळताच मला फोन कर, दादा ऐकतोय की पंखे ऐकतायत त्याची पर्वा करू नकोस.

तुकडी पडली. तिसऱ्या तुकडीला निदान पंचवीस मुलं लागतात, प्रवेश झाले एकवीस. चार कमी. नव्या शाळेने चार पोरं नेली आणि तुझं घर धोक्यात आलं. ऑफिसातल्या ताईंनी नियम दाखवला. यंदा ती तुकडी तात्पुरती म्हणून वर्षभर चालेल, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मोजणी. तेव्हाही पंचवीस झाली नाहीत तर यादीतली शेवटची व्यक्ती अतिरिक्त. म्हणजे तू, वहिनी. मी ताईंना म्हटलं माझी सही फाडा. त्या म्हणाल्या, आता ते होत नाही.

पण तुझा राजीनामा ३१ला लागू होतो. अजून आठवडा आहे. तुझ्या हेडसरांनी जागा भरलेली नसेल. भाऊसाहेबांना सांग, एका ओळीचा अर्ज, 'राजीनामा मागे घेते'. तू कायम आहेस तिथे. तेरा वर्षं आहेत तुझी. कोणी हसणार नाही. मी नाही हसणार. घराच्या मालकाला मी सांभाळते.

मी तुला बोलावलं. मीच तुला सांगतेय, येऊ नकोस.

वन्सं

२७ मे

माझ्या लाडक्या वन्सं,

फोन केला नाही, कारण फोनवर तू रडली असतीस आणि मी ऐकून घेतलं असतं.

तुझं पत्र परवा आलं. मी ते घेऊन शाळेत गेले. शाळेला सुट्टी, भाऊसाहेब एकटेच. त्यांनी वाचलं, आणि ड्रॉवरमधून एक कागद काढला. राजीनामा मागे घेण्याचा अर्ज. आधीच लिहून ठेवला होता, फक्त सही बाकी. म्हणाले, "दर वेळी लिहून ठेवतो बाई. निम्मे जण येतातच." आणि पेन पुढे केलं.

मी पेन घेतलं. खोटं कशाला सांगू, पहिलं अक्षर लिहिलंसुद्धा. खिडकीतून माझा वर्ग दिसत होता, माझं टेबल, माझी खुर्ची. त्या क्षणी ती मला इतकी प्रिय वाटली की काय सांगू. मग मी तो कागद घडी करून भाऊसाहेबांना परत दिला. म्हटलं, "मागच्या बाजूला हिशोबाला होईल." ते उठले आणि मला दारापर्यंत सोडायला आले. तीस वर्षांत ते कोणाला सोडायला उठल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता तुझ्यासाठी सोपं गणित, अकरा मार्कवाले. तेरा वर्षं मी म्हटलं, समजा. समजा डबा चेपला, समजा नळाला पाणी आहे. आता मला एक वर्ष मिळतंय ज्यात काही समजायला लागणार नाही. बारा टेबलं, आठ सूक्ष्मदर्शक, एकवीस पोरं. ती कायम असतील की नाही ते पुढच्या जूनमध्ये बघू. हे एक वर्ष तर खरं आहे ना? तेवढं मला दे, मग जे व्हायचं ते होवो. भीती अजून आहेच, पण ती मागे बसलीय, पुढे मी आहे.

आणि चार मुलं कमी म्हणतेस? फक्त चार? वेडे, मला वाटलं होतं चाळीस असतील! चार पोरं आणायला मला पूर्ण वर्ष आहे. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेचं दार उघडं ठेवायचं, सगळ्यांसाठी, पलीकडच्या शाळेतल्यांसाठीसुद्धा. मोठ्या बाईंना आजच विचार. झाकणाची गळती शोधणारी ती मुलगी माझी मदतनीस. डब्यांचं काय करायचं तेवढं सांग, मला निदान पन्नास पत्र्याचे डबे लागतील. तुझ्या दादाने दहा जमवलेत, सामानात बांधलेत, आणि कपडे ठेवायला जागा उरली नाही.

बुधवारी पहिली गाडी. स्टेशनवर ये, आणि येताना हातगाडी आण.

तुझी,
वहिनी